लष्करी सागरी नकाशांचा डेटा क्यूजीआयएसमध्ये घेताना: आयात-सेटिंग्ज कशी लावायची

बेलापूर, नेरुळ, ठाणे इथल्या सर्वेक्षण आणि बंदर-सल्लागार कार्यालयांत सागरी नकाशांचा डेटा आता नेहमीच येतो. गाळ उपसण्याचा आराखडा असो, खाडीवरचा पूल असो वा समुद्राखालची केबल, तळाची माहिती लागतेच. परदेशी नौदलासाठी किंवा त्याच्या कंत्राटदारासाठी काम असेल तर साध्या नौकानयन नकाशांबरोबर लष्करी थरही येतात. असा डेटा चुकीच्या सेटिंग्जवरही उघडतो. पडद्यावर किनारा दिसतो, खोलीच्या रेषा दिसतात, लाल अक्षरांत काही येत नाही. दरम्यान निम्म्या वस्तू आणि त्यांचे गुणधर्म वाटेतच गळालेले असतात. म्हणून फाइल उघडण्याआधी सेटिंग्ज लावायची आणि उघडल्यावर मोजून खात्री करायची.

इथे क्यूजीआयएस (नकाशे बघण्याचं आणि हाताळण्याचं सॉफ्टवेअर) आणि त्याखाली चालणारं, फाइली वाचण्याचं काम करणारं जीडॅल धरलं आहे. पर्यायांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायची आणि शब्दांच्या मध्ये मोकळी जागा न सोडता अंडरस्कोर घालायचा.

हातात नेमकं काय आलं आहे

तीन प्रकार वेगळे ओळखायला हवेत.

पहिला ईएनसी, म्हणजे एस-५७ (सागरी नकाशांच्या डेटाचं आंतरराष्ट्रीय मानक) स्वरूपातला अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशा. भारतीय पाण्याचे नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं आणि ते नौदलाच्या अखत्यारीत आहे. फाइलच्या नावात आठ अक्षरं असतात. पहिली दोन निर्मात्या देशाची (भारतासाठी आय-एन), तिसरा १ ते ६ मधला अंक नकाशाचा उद्देश सांगतो: ३ किनारी, ४ बंदराकडे येण्याचा मार्ग, ५ बंदर, ६ धक्का. मूळ फाइलचं एक्स्टेन्शन ०००, त्यानंतरच्या दुरुस्त्या ००१, ००२ अशा.

दुसरा एएमएल, म्हणजे अतिरिक्त लष्करी थर. हे नाटोचं मानक. सांगाडा एस-५७ चाच, पण वस्तूंची आणि गुणधर्मांची यादी मोठी. समोच्च खोलीरेषा, तळाचं स्वरूप आणि किनारे, तळावरच्या मोठ्या वस्तू, तळावरच्या लहान वस्तू (सुरुंगशोधासाठी), मार्ग-क्षेत्रं-मर्यादा, सागरी पाया आणि सुविधा असे त्याचे वेगवेगळे थर असतात. हे थर ईएनसीवर पसरायचे असतात, एकटे वापरायचे नसतात.

तिसरा डीएनसी. हे अमेरिकी लष्कराचं डिजिटल नौकानयन नकाशाचं स्वरूप. ते एस-५७ नाही, व्हीपीएफ (व्हेक्टर प्रॉडक्ट फॉरमॅट) आहे. त्याची वाट पूर्ण वेगळी, म्हणून शेवटी.

ईएनसी आल्यावर आधी तो कूटबद्ध आहे का ते बघा. जहाजांना विकले जाणारे नकाशे एस-६३ पद्धतीने कुलूपबंद असतात आणि ते क्यूजीआयएस उघडू शकत नाही. ००० फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला पाच आकडे आणि लगेच तीन-एल-ई-एक अशी अक्षरं वाचता आली तर फाइल मोकळी आहे. पहिल्या अक्षरापासून कचरा दिसला तर ती कुलूपबंद आहे. संचात परमिट नावाची टेक्स्ट फाइल असेल तर शंकाच नको. परमिट ईसीडीआयएससाठी, म्हणजे जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या यंत्रासाठी असतं, जीआयएससाठी नव्हे. अशा वेळी मोकळी प्रत अधिकृत मार्गाने मागायची. सरावासाठी अमेरिकेच्या नोआ संस्थेचे ईएनसी मोफत आणि मोकळे मिळतात. सेटिंग्ज आधी त्यांवर तपासून घ्या, मग खरा डेटा उघडा.

संगणकाची तयारी

अटी घालून दिलेला लष्करी डेटा असेल तर इंटरनेट तोडलेल्या संगणकावरच काम करा. कारण साधं आहे. मागे ओपन स्ट्रीट मॅप किंवा उपग्रह चित्रांचा थर लावला की तुम्ही जिथे झूम करता त्या चौकोनाची मागणी बाहेरच्या सर्व्हरकडे जाते. डेटा बाहेर गेला नाही तरी तुम्ही कुठल्या पाण्यात रस घेताय हे उघड होतं. पार्श्वभूमीला किनाऱ्याची स्थानिक फाइल ठेवा आणि प्लगइनचं आपोआप अपडेट तपासणं बंद करा.

फोल्डरचा मार्ग छोटा, इंग्रजी अक्षरांत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा. एका नकाशाची ००० फाइल आणि तिच्या सगळ्या दुरुस्त्या एकाच फोल्डरमध्ये असाव्यात. काही संचांत मूळ फाइल ० नावाच्या फोल्डरमध्ये आणि दुरुस्त्या १, २, ३ अशा शेजारच्या फोल्डरांत असतात. जीडॅलला ही रचना कळते, पण कुणी अर्धेच फोल्डर कॉपी केले तर दुरुस्त्यांची साखळी तुटते. सगळ्या फाइली एकत्र आणल्या की हा घोळ होत नाही.

मुख्य सेटिंग

क्यूजीआयएसमध्ये सेटिंग्ज, ऑप्शन्स, सिस्टिम असं जा. खाली एन्व्हायर्न्मेंट विभागात कस्टम व्हेरिएबल वापरण्याची खूण करा आणि नवी ओळ जोडा. व्हेरिएबलचं नाव ओजीआर एस५७ ऑप्शन्स. किमतीत पुढचे पर्याय स्वल्पविरामाने जोडून, बरोबरच्या चिन्हासह लिहायचे:

१. अपडेट्स = अप्लाय. दुरुस्त्या मूळ फाइलवर चढवल्या जातात. इग्नोर ठेवलं तर जुना नकाशा मिळतो, आणि कुठलीही सूचना येत नाही.

२. स्प्लिट मल्टिपॉइंट = ऑन. खोलीच्या मोजण्या (साउंडिंग) एस-५७ मध्ये एकाच वस्तूत गठ्ठ्याने साठवलेल्या असतात. त्या सुट्या केल्या नाहीत तर प्रत्येक बिंदूला वेगळी खोली लावता येत नाही.

३. ॲड साउंडिंग डेप्थ = ऑन. इथे टाइप करताना साउंडिंगचं एस-५७ मधलं सहा अक्षरी रूप, एस-ओ-यू-एन-डी-जी, वापरायचं. मग तक्त्यात खोलीचा वेगळा रकाना येतो. दुसरा पर्याय बंद असेल तर हा चालत नाही. रकाना आला नाही तर आधी तिथेच बघा.

४. एलनेम रेफ्स = ऑन. इथे पहिला शब्द एल-एन-ए-एम असा चार अक्षरांत टाइप करायचा. बोयावरचा दिवा ही बोयापासून वेगळी वस्तू असते. दोघांचं नातं या रकान्यातून कळतं.

५. रीकोड बाय डीएसएसआय = ऑन. स्थानिक लिपीतली नावं नीट यावीत म्हणून.

६. लिस्ट ॲज स्ट्रिंग = येस, तुमच्या आवृत्तीत हा पर्याय असेल तर. तळाचं स्वरूप किंवा बोयाचा रंग यांना एकाहून जास्त किमती असतात. शेप फाइलमध्ये किंवा जिओपॅकेजमध्ये साठवताना त्या मजकूर म्हणून गेल्या तर सुरक्षित राहतात.

रिटर्न प्रिमिटिव्ह्ज आणि रिटर्न लिंकेजेस बंदच ठेवा. ते चालू केले की सुटे नोड आणि कडा यांचे थर येऊन पडतात. तुटलेली भूमिती शोधायची असेल तेव्हाच त्यांचा उपयोग. प्रिझर्व्ह एम्प्टी नंबर्सही बंद ठेवा. तो चालू असला तर जिथे किंमत माहीत नाही तिथे २१४७४८३६४१ हा आकडा येतो. कुणी त्यावरून खोलीचा पृष्ठभाग काढला तर खाडीत दोन अब्ज मीटरचा खड्डा पडतो.

ओके दाबून क्यूजीआयएस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. व्हेरिएबल सुरुवातीलाच वाचली जातात.

एएमएलची यादी: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

एस-५७ फाइलमध्ये वस्तूंची नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. क्रमांकाचा अर्थ जीडॅल दोन सीएसव्ही फाइलींतून शोधतं: एक वस्तूंच्या वर्गांची, दुसरी गुणधर्मांची. नेहमीच्या यादीत एएमएलचे जादा क्रमांक नाहीत. जीडॅलच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर एएमएलच्या वेगळ्या याद्या येत होत्या, पुढे त्या काढून टाकल्या गेल्या. तुमच्या जीडॅलच्या डेटा फोल्डरमध्ये शेवटी अंडरस्कोर ए-एम-एल असलेल्या दोन सीएसव्ही आहेत का ते बघा. नसतील तर एएमएलच्या उत्पादन-विनिर्देशातून त्या तयार कराव्या लागतील.

यादी नसताना काय होतं? अनोळखी वस्तू जेनेरिक नावाच्या थरात जातात. तिथे भूमिती असते, वर्गाचा क्रमांक असतो, बाकी काही नसतं. अनोळखी गुणधर्म तर टाकूनच दिले जातात. एएमएलमध्ये गोपनीयतेची पातळी, डेटाची मालकी आणि वापरावरच्या अटी हेसुद्धा गुणधर्म म्हणूनच येतात. म्हणजे यादी नसेल तर गोपनीय वस्तूवरचा गोपनीयतेचा शिक्का पुसला जातो आणि पुढच्या माणसाच्या हाती ती साधी वस्तू म्हणून पडते. माहिती कमी पडण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे.

यादी अशी करा. नेहमीच्या दोन्ही सीएसव्हींची प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये घ्या, नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ए-एम-एल ही लहान अक्षरं जोडा, आणि मग एएमएलचे वर्ग नि गुणधर्म त्यांत भरा. मूळ ओळी काढू नका, कारण प्रोफाइल लावल्यावर फक्त हीच यादी वाचली जाते. जुनी आणि नवी मिळून वाचली जात नाही.

वस्तूंच्या फाइलला आठ रकाने असतात: क्रमांक, वर्गाचं नाव, लघुनाम, गुणधर्मांचे अ-ब-क असे तीन गट, वर्गप्रकार आणि भूमितीचे प्रकार. गटांतली लघुनामं अर्धविरामाने तोडायची. गुणधर्मांच्या फाइलला पाच रकाने: क्रमांक, नाव, लघुनाम, प्रकार, वर्ग. प्रकारासाठी एकच अक्षर: ई म्हणजे ठरलेल्या किमतींपैकी एक, एल म्हणजे यादी, एफ म्हणजे दशांश, आय म्हणजे पूर्णांक, ए म्हणजे सांकेतिक मजकूर, एस म्हणजे मोकळा मजकूर.

या फाइली एक्सेलमध्ये संपादित करू नका. जीडॅल पहिली ओळ अक्षरशः जुळवून बघतं आणि त्यात प्रत्येक शीर्षक दुहेरी अवतरणचिन्हात असावं लागतं. एक्सेल साठवताना ती चिन्हं काढून टाकतं. मग रकाने अपेक्षेप्रमाणे नाहीत असं सांगून वाचन थांबतं आणि माणूस आकडे तपासत बसतो. नोटपॅड प्लस प्लससारखा साधा संपादक वापरा.

आता आणखी दोन व्हेरिएबल जोडा. एस५७ सीएसव्ही या व्हेरिएबलला तुमच्या फोल्डरचा मार्ग द्या. एस५७ प्रोफाइल या व्हेरिएबलला ए-एम-एल ही किंमत द्या, फाइलच्या नावात आहेत तशीच लहान अक्षरांत. क्यूजीआयएस पुन्हा सुरू करा. यादी एका सत्रात एकदाच वाचली जाते, त्यामुळे मध्येच प्रोफाइल बदलून उपयोग होत नाही. ईएनसी आणि एएमएल दोन्हींवर रोज काम असेल तर क्यूजीआयएसमध्ये दोन वेगळी यूजर प्रोफाइल ठेवणं सोयीचं.

फाइल उघडल्यावर लॉग मेसेजेसचं पॅनेल बघा. दोन सूचना महत्त्वाच्या आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. गुणधर्माचा क्रमांक अवैध असल्याची सूचना आली तर तो क्रमांक गुणधर्मांच्या फाइलमध्येच नाही. गुणधर्म अपेक्षित रचनेत नसल्याने वगळल्याची सूचना आली तर गुणधर्म माहीत आहे, पण त्या वस्तूच्या अ-ब-क गटांत त्याचं लघुनाम लिहिलेलं नाही. म्हणजे नवा गुणधर्म दोन्ही फाइलींत घालावा लागतो. यांतली प्रत्येक सूचना एका डेटासेटला एकदाच येते. एक ओळ दिसली म्हणजे एकच गुणधर्म गेला असं समजू नका. ती दुरुस्त करा, पुन्हा उघडा, आणि सूचना थांबेपर्यंत हेच करत राहा.

आयात

लेयर मेन्यूतून व्हेक्टर थर जोडा आणि ००० फाइल निवडा. कॅटलॉगची ०३१ फाइल किंवा सुटी दुरुस्ती निवडून उपयोग नाही. थरांची यादी येईल, ती सगळी घ्या. एकाच थरात बिंदू, रेषा आणि क्षेत्र असं मिश्रण असेल (अडथळे, किनाऱ्यावरची बांधकामं) तर क्यूजीआयएस त्याचे वेगळे उपथर दाखवतं. ते तिन्ही घ्यायचे.

मूळ फाइलवर थेट काम करू नका, जिओपॅकेजमध्ये उतरवा. शेप फाइल टाळा. एका फाइलमध्ये एकच भूमिती मावते आणि रकान्याची नावं दहा अक्षरांवर कापली जातात. बरेच नकाशे असतील तर ओजीआर-टू-ओजीआर या जीडॅलच्या रूपांतर-कमांडने जोडत जा, पण चुका वगळून पुढे जाण्याचा पर्याय सुरुवातीला देऊ नका. तो दिला की कुठल्या वस्तू राहिल्या ते कळतच नाही.

प्रक्षेपण मूळचं डब्ल्यूजीएस ८४ असतं, तेच साठवा. अंतरं आणि क्षेत्रफळं मोजायची असतील तेव्हा ठाणे-नवी मुंबईसाठी यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३.

मोजून बघा

आधी डीएसआयडी नावाचा थर उघडा. त्याला भूमिती नसते, त्यामुळे बरेच जण तो वगळतात. आवृत्ती क्रमांक, दुरुस्तीचा क्रमांक, तारीख, नकाशाचं प्रमाण, खोलीचं एकक आणि डेटम (खोली जिथून मोजतात ते शून्य) सगळं तिथे असतं. दुरुस्तीचा क्रमांक फोल्डरमधल्या शेवटच्या फाइलच्या एक्स्टेन्शनशी जुळला पाहिजे. फोल्डरमध्ये ००७ आहे आणि इथे ४ दिसतंय, तर ००५ हरवली आहे. पुढच्या दुरुस्त्या तिच्याशिवाय चढत नाहीत.

मुंबई बंदराच्या डेटासाठी एक सोपी खूण आहे. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू पुलांच्या थरात आहे का ते बघा. नसेल, किंवा बांधकाम चालू असल्याची नोंद असेल, तर आवृत्ती जुनी आहे किंवा दुरुस्त्या चढलेल्या नाहीत.

मग पृथ्वीची कातडी (स्किन ऑफ द अर्थ), म्हणजे नकाशाचा सगळा भाग झाकणारी क्षेत्रं तपासा. ईएनसीमध्ये खोलीची क्षेत्रं, उपसलेली क्षेत्रं, जमीन, न मोजलेली क्षेत्रं, तरंगते धक्के, कायमची नांगरलेली जहाजं आणि तरंगत्या गोद्या मिळून व्याप्तीचा पूर्ण भाग फट न ठेवता भरतात. या सगळ्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज आणि व्याप्तीच्या थरात किंमत १ असलेल्या क्षेत्राचं क्षेत्रफळ सारखं यायला हवं. कमी आलं तर बहुभुज गळाले आहेत. न्हावा-शेवाच्या मार्गिकेत नेहमीची चूक म्हणजे फक्त खोलीची क्षेत्रं घेणं. जहाजांची मार्गिका उपसलेली आहे, ती वेगळ्या थरात असते. तो थर घेतला नाही तर नेमकी बंदराची वाटच नकाशावर रिकामी दिसते.

दोन प्रमाणांचे नकाशे एकमेकांवर आले की खोलीरेषा दुहेरी दिसतात. मोठ्या प्रमाणाच्या (५ क्रमांकाच्या) नकाशाची व्याप्ती घ्या आणि तेवढा भाग ४ क्रमांकाच्या नकाशातून कापून टाका. व्याप्तीची किंमत २ म्हणजे तिथे डेटा नाही. तो भाग कापण्यासाठी वापरायचा नाही.

खोली, सुकती आणि शून्य

एस-५७ मध्ये खोली धन असते आणि ओहोटीला उघडी पडणारी जमीन ऋण. ठाणे खाडीत वाशी ते ऐरोली पट्ट्यात सुकतीला चिखल उघडा पडतो, जिथे रोहित पक्षी उतरतात. तिथे उणे किमती दिसल्या तर त्या चूक समजून पुसू नका. उणे १.८ म्हणजे नकाशाच्या शून्यापेक्षा १.८ मीटर उंच.

हे शून्य कुठलं, ते डीएसआयडीमधल्या खोलीच्या डेटमच्या क्रमांकावरून कळतं. ८ म्हणजे भारतीय उधाणाची नीच पातळी, २३ म्हणजे खगोलीय नीचतम ओहोटी, ३ म्हणजे सरासरी समुद्रपातळी. दोन वेगळ्या संस्थांचे थर एकत्र करताना हा आकडा जुळतो का ते आधी बघा.

जमिनीच्या उंचीबरोबर जोडायचं असेल तर शून्य बदलावं लागतं. मुंबईत अपोलो बंदरला सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर धरतात. नकाशातल्या किमतीचं चिन्ह उलटं करा आणि २.५१ वजा करा. खोली ३.२ असेल तर उंची उणे ५.७१. सुकण्याची किंमत उणे १.८ असेल तर उंची उणे ०.७१, म्हणजे ओहोटीला कोरडा दिसणारा तो चिखल सरासरी समुद्रपातळीच्या खालीच आहे. हा आकडा अपोलो बंदराजवळ चालतो. खाडीत आत ठाण्याकडे जाताना भरती-ओहोटीचा पल्ला आणि वेळ दोन्ही बदलतात. तिथे जवळच्या भरती-मापकाचा आकडाच वापरावा. पुलाच्या पायासाठी अर्ध्या मीटरचा फरक फार मोठा असतो.

मोजणीवर किती भरवसा ठेवायचा ते गुणवत्तेच्या थरात झेडओसी श्रेणीवरून कळतं. तो थर रंगवून खोलीच्या नकाशावर पारदर्शक ठेवा. ए१ आणि डी श्रेणीच्या मोजण्या सरसकट मिसळून काढलेला पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असतो, पण त्यावर आराखडा बेतू नये.

डीएनसी आला असेल तर

व्हीपीएफमध्ये एक फाइल उघडायची नसते, पूर्ण फोल्डर डेटाबेस असतो. त्यातली कुठलीही फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं तर सगळंच बंद पडतं. जीडॅलला ओजीडीआय या सॉफ्टवेअर-ग्रंथालयाची साथ असेल तरच ते वाचता येतं. जीडॅलच्या ३.११ आवृत्तीपासून ही सोय काढून टाकली आहे आणि त्याआधीच्याही तयार मिळणाऱ्या बऱ्याच प्रतींत ती नसते. क्यूजीआयएसच्या कमांड खिडकीत जीडॅलच्या स्वरूपांची यादी काढा. ओजीडीआय दिसलं नाही तर सेटिंग्जशी खटपट करत बसू नका, ओजीडीआयसह बांधलेली जुनी प्रत घ्या. पत्ता जी-एल-टी-पी अशा उपसर्गाने सुरू होतो, त्यानंतर व्हीआरएफ आणि मग डीएनसीच्या डेटा-ग्रंथालयाच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग. लिनक्सवर फाइलनावांच्या लहान-मोठ्या अक्षरांची सरमिसळ झाली तर तक्ते सापडत नाहीत.

डीएनसीत बंदर, बंदराकडचा मार्ग, किनारी आणि सामान्य अशी चार पातळ्यांची ग्रंथालयं असतात, ती वेगवेगळी आयात करा. वस्तू टाइलच्या सीमेवर कापलेल्या असतात, म्हणून क्षेत्रफळ काढण्याआधी डिझॉल्व्ह करावं, म्हणजे तुकडे जोडून एक करावे लागतात. उणे ३२७६८ हा आकडा दिसला तर ती खोली नाही, तिथे किंमत दिलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. पृष्ठभाग काढण्याआधी त्या ओळी गाळा.

आयात केलेला नकाशा जहाज हाकण्यासाठी वापरायचा नाही. क्यूजीआयएस ठरलेली सागरी चिन्हं आपोआप लावत नाही आणि धोक्याच्या सूचनाही देत नाही. जिओपॅकेज दुसऱ्याला देताना डीएसआयडीचा तक्ता आणि गोपनीयतेचे रकाने त्यात आहेत ना, ते फाइल पुन्हा उघडून बघा, मगच पाठवा.